एस. टी.चे येणे आणि सरकारचे देणे

मार्च २०२५ या महिन्याचा पगार घेण्याची वेळ आली तेव्हा राज्य परिवहन महामंडळाच्या चालक-वाहकांच्या पदरी शंभर रुपयांमागे छप्पन्न रुपये पडले, ही गोष्ट आमच्या वाचकांस विदित आहेच. उरलेले मागाहून मिळतील, असे त्यांस सांगण्यात आले. ह्याचे कारण काय? तर स्त्रियांस, वृद्धांस, विद्यार्थ्यांस सरकारने ज्या सवलती जाहीर केल्या, त्यांची भरपाई सरकारी तिजोरीतून पुरती आली नव्हती. एखाद्या सावकाराने आपल्या दारी आलेल्या पाहुण्यांस शेजारच्या हलवायाकडून मिठाई आणवून खाऊ घालावी, वाहवा आपण घ्यावी, आणि हलवाई हिशेब घेऊन आला म्हणजे 'सवडीने पाहू' म्हणून त्यास वाटेला लावावे. पुढे त्या हलवायाच्या भट्टीवरील गड्यांची मजुरी थकली म्हणजे 'तुझा धंदाच मुळी तोट्याचा' असा उपदेश करण्यासही त्याच सावकाराने पुढे व्हावे, तशातला हा प्रकार आहे. बाजारात असे वर्तन करणाऱ्याची पत एका दिवाळीपलीकडे टिकत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. आम्ही सवलतींच्या विरुद्ध नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्या वृद्धांस राज्यात मोफत प्रवास मिळू लागला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्ध्या तिकिटात प्रवासाची मुभा मिळाली. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींस अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास त्याच्याही कितीतरी आधीपासून मिळत आहे. अशा निरनिराळ्या वर्गांस मिळणाऱ्या सवलतींची संख्या तिसाच्या घरात जाते. ह्यांपैकी स्त्रियांची सवलत तर आम्हांस विशेष मोलाची वाटते. नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे तिकिटाचे पैसे मागावे लागतात म्हणून माहेर, दवाखाना, बँक आणि बाजार ह्यांपासून वर्षानुवर्षे तुटलेल्या बायका आज आपण होऊन गाडीत चढतात, ही सुधारणा पुष्कळ व्याख्यानांनी झाली नसती. परंतु सुधारणेची किंमत कोणी भरावयाची, हा प्रश्न सुधारणेइतकाच महत्त्वाचा आहे. सरकारने ती भरण्याचे कबूल केले आहे. मग ती भरणे हा सरकारचा उपकार कसा? वर्तमानपत्रांत दर महिन्याला 'एस. टी.ला सरकारची मदत' अशी अक्षरे झळकतात. त्या रकमांचा फार मोठा भाग मदत नसून उधारीची फेड असते, आणि तीही बहुधा मुदतीनंतरची व अपुरी. दान आणि देणे ह्यांतील भेद एकदा पुसला गेला की घेणारा मिंधा होतो व देणारा बेफिकीर होतो. एस. टी.च्या दुःस्थितीचे निम्मे मूळ आमच्या मते ह्या एका शब्दाच्या घोटाळ्यात आहे.

ही संस्था कशासाठी जन्मली, ते थोडे आठवणे अवश्य आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारी मोटार पहिल्याने धावली. त्यापूर्वी मोटारवाल्यांचा कारभार कसा होता, ते जुन्या मंडळींकडून अनेकांनी ऐकले असेल: गाडी भरल्यावाचून हलावयाची नाही, भाडे माणूस पाहून सांगावयाचे, आणि जेथे उतारू कमी तेथे फिरकावयाचेच नाही. ही अनागोंदी मोडण्यासाठी मुंबई सरकारने हे काम आपल्या हाती घेतले. पुढे १९५० साली मध्यवर्ती कायदेमंडळाने रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा केला. त्या कायद्याने महामंडळावर एकीकडे कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसंबद्ध वाहतूक लोकांस पुरविण्याचे कर्तव्य घातले. दुसरीकडे धंद्याच्या तत्त्वांनी वागावे असेही बजावले. ही दोन कलमे परस्परविरोधी आहेत असे म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांस तसे वाटत नाही. सेवा करणाराही धंद्याच्या तत्त्वांनी वागू शकतो. मात्र ज्याच्या सांगण्यावरून तो तोट्याची सेवा करतो, त्याने तिचे मोल वेळच्या वेळी चुकते केले पाहिजे. त्याच कायद्यात राज्य सरकारने महामंडळास भांडवल पुरविण्याची, महालेखापालांकडून हिशेबतपासणीची आणि वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे मांडण्याची तरतूद आहे. ज्यांनी तो कायदा घडविला त्यांनी पैसा आणि जाब ह्या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. पुढल्या पिढ्यांनी त्यांची फारकत केली.

आता पैशाची उलटी बाजू पाहा. सरकार एस. टी.ला देते म्हणतात. पण सरकार एस. टी.कडून घेते किती? १९५८ च्या कायद्यान्वये उतारूंच्या भाड्यावर कर बसला, आणि पुष्कळ वर्षे त्याचा दर शेकडा साडेसतरा राहिला. ह्या देशात इतका जबर उतारू-कर क्वचितच कोठे असेल. उलटपक्षी खासगी आरामगाड्यांवरील कर आसनांच्या संख्येवर ठोक आकारला जातो. गाडी भरून गेली काय आणि दिवसातून दोन खेपा झाल्या काय, त्यात फरक पडत नाही. म्हणजे खेड्यातून तालुक्याला लाल गाडीने भाजी घेऊन येणारी म्हातारी प्रत्येक तिकिटामागे सरकारास कर देते, आणि मुंबईहून रात्री निजून येणारा सुखवस्तू उतारू मानाने सुटतो. मग हा गोळा झालेला कर आणि सवलतींची थकलेली भरपाई ह्यांची वजावट कागदावर होत राहते, व शेवटी कोणी कोणाचे किती लागतो हे दोघांनाही नीट सांगता येत नाही. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना नामदार गोखल्यांनी परक्या सरकारास दाखवून दिले होते की, खजिन्यातील शिल्लक हा प्रजेच्या सुस्थितीचा पुरावा नव्हे. ती नको तितका कर घेतल्याची खूणही असू शकते. आज सरकार आपले आहे, एवढ्याने तो हिशेब विचारण्याचे प्रयोजन संपले असे आम्ही मानीत नाही.

जून २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी महामंडळाच्या स्थितीविषयी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली, हे त्यांनी चांगले केले. साठलेला तोटा १० हजार ३२२ कोटी रुपये, आणि ४५ वर्षांपैकी नफ्याची वर्षे अवघी ८, असे तीत दिसते. देण्यांच्या यादीत नोकरांचा भविष्यनिर्वाह निधी आणि सेवानिवृत्तांचे उपदान ह्यांचीही नावे आहेत. ह्या शेवटच्या बाबीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ज्या चालकाने तीस वर्षे घाटांतून गाडी हाकली, त्याच्या म्हातारपणाच्या पुंजीवर महामंडळ आपला रोजचा खर्च भागवू लागले, असा ह्याचा सरळ अर्थ आहे. उलट ऑगस्ट २०२४ ह्या एका महिन्यात १६ कोटी ८६ लाख रुपये नफा झाल्याची वार्ता मोठ्या समारंभाने सांगण्यात आली होती! तो नफा झाल्यानंतर सातच महिन्यांनी पगार अर्धामुर्धा झाला. वहीत जमा धरलेले येणे आणि पेटीत पडलेली रोकड ह्यांत किती अंतर असते, हे ज्याने एकदा तरी दुकान चालविले आहे त्यास ठाऊक असते.

भाड्याचेही तसेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे शेकडा सतराहून अधिक वाढविले. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्यास हात लावला नाही, आणि निवडणुका आटोपताच जानेवारी २०२५ मध्ये एकदम शेकडा १४.९५ वाढ केली. ह्या काळात गाड्यांचे भाग, टायर व नोकरांचा महागाईभत्ता ह्यांचे खर्च निवडणुकीच्या तारखा पाहून थांबले नव्हते. इंधन आदींच्या किमतींप्रमाणे भाडे ठरविण्याचे हकीम समितीचे सूत्र अस्तित्वात असता ते पेटीत बंद ठेवावयाचे, आणि मग एकाच रात्रीत सगळा बोजा उतारूच्या डोक्यावर टाकावयाचा, ह्यास धोरण म्हणत नाहीत. दरवर्षी थोडे वाढणारे भाडे लोक सोसतात. अवचित आलेली मोठी वाढ त्यांस वडापच्या जीपगाडीकडे ढकलते, आणि एकदा तिकडे गेलेला उतारू सहसा परत येत नाही.

येथवर आम्ही सरकारास दोष दिला. पण महामंडळाचे कारभारी ह्या आडोशाला निर्धास्त बसतील तर ते आम्हांस चालणार नाही. भाड्याच्या गाड्यांचा अलीकडील इतिहास घ्या. ५,१५० विजेच्या गाड्या घेण्याचा मोठा करार झाला. ठरल्या मुदतीत त्यांतल्या फारच थोड्या आल्या, आणि मे २०२५ मध्ये मंत्र्यांस तो करार रद्द करण्याचे आदेश द्यावे लागले. १,३१० गाड्या भाड्याने घेण्याचे दुसरे प्रकरण त्याच वर्षाच्या आरंभी मुख्यमंत्र्यांनी थांबवून चौकशीस दिले. अटी कोणी लिहिल्या, दर कोणी मान्य केले, गाड्या येत नाहीत असे दिसत असता महिनोन्‌महिने गप्प कोण बसले, ह्यांची नावानिशी उत्तरे लोकांस मिळाली काय? त्या अवधीत जुन्या गाड्यांनीच काम रेटले; त्या घाटात बंद पडल्या, पावसात गळल्या, आणि शिव्या मात्र खाल्ल्या बिचाऱ्या वाहकाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला. स्त्रियांस अर्धे तिकीट देणाऱ्या राज्याने त्यांस स्थानकात पुरा उजेड व पुरा पहारा देऊ नये, ही विसंगती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून ती लहान ठरत नाही.

ह्या बेजबाबदारीचे एक कारण व्यवस्थेतच आहे. परिवहनमंत्री तेच महामंडळाचे अध्यक्ष, असा प्रकार आपल्या राज्यात अनेकदा झाला आहे. आता विचार करा: सवलतीची भरपाई मागणारा महामंडळाचा अध्यक्ष आणि ती देण्यास बांधलेल्या मंत्रिमंडळातील मंत्री हे एकच गृहस्थ असले, तर तगादा कोणी कोणास लावावयाचा? उजव्या हाताने डाव्या हाताला नोटीस द्यावी काय? विधानसभेत प्रश्न आला म्हणजे मंत्री म्हणतात महामंडळ स्वायत्त आहे; महामंडळात गाऱ्हाणे नेले म्हणजे तेथे सांगतात निर्णय मंत्रालयातून व्हावयाचा आहे. ह्या दोन दारांमध्ये उतारू उन्हात उभा राहतो.

आणि तो खरोखरच उभा असतो. तोट्याचे कोट्यवधींचे आकडे वाचून मन बधिर होते, म्हणून एका रद्द झालेल्या फेरीचा हिशेब मांडून पाहू. सायंकाळी साडेपाचची गाडी तालुक्याहून निघते, वाटेतील सातआठ गावे घेते, आणि शेवटच्या गावी मुक्काम करून पहाटे परत फिरते. चालक-वाहक देवळात वा ग्रामपंचायतीच्या खोलीत निजतात. ही मुक्कामी गाडी म्हणजे त्या गावाचे दूध, टपाल, वर्तमानपत्र, दवाखाना आणि न्यायालय. आगारात गाडी नाही, किंवा चालक नाही, म्हणून एके दिवशी ती सुटत नाही. आगाराच्या वहीत 'एक फेरी रद्द' एवढीच नोंद होते. पण इयत्ता अकरावीतली मुलगी स्थानकावर सात वाजेपर्यंत थांबते, मग कोणाच्या तरी दुचाकीवर घरी पोहोचते. असे चारपाच वेळा झाले की बाप म्हणतो, पुरे झाले शिक्षण. मोफत पास तिच्या दप्तरात तसाच राहतो. त्या मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, तेव्हा आपण बालविवाहाविरुद्ध सभा भरवतो आणि शाळा सोडणाऱ्या मुलींचे आकडे पाहून हळहळतो. परंतु साडेपाचची गाडी कोणी रद्द केली हे विचारावयाचे कोणास सुचत नाही. पहाटेची परतीची खेपही अर्थातच बुडते. भाजीवाला माल घेऊन येत नाही, बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही, आणि तालुक्याच्या पेठेतला कापडवाला सायंकाळी गल्ला मोजताना मंदीला दोष देतो. आमच्या व्यापारी बांधवांनी हे ध्यानी घ्यावे की, आपल्या दुकानासमोर ज्या मोटारी उभ्या राहतात त्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांहून एस. टी.च्या स्थानकावरून चालत येणारी गिऱ्हाइके तालुक्याच्या गावी आजही पुष्कळ आहेत.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, महामंडळाचे यशापयश नफ्यातोट्याच्या एका आकड्यावर न मोजता, ठरलेल्या किती फेऱ्या धावल्या आणि किती बुडाल्या ह्यावर आधी मोजावे. राज्यात अडीचशेच्या आसपास आगारे आहेत. प्रत्येक स्थानकावर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फलक लागावा: ठरलेल्या फेऱ्या इतक्या, धावलेल्या इतक्या, रद्द इतक्या, आणि रद्द होण्याचे कारण गाडीचा अभाव, माणसाचा अभाव की आणखी काही. खाली आगार व्यवस्थापकाचे नाव असावे. त्याच फलकावर दुसऱ्या बाजूस, सवलतींपोटी सरकारकडून येणे इतके, मिळाले इतके, थकले इतक्या दिवसांचे, हेही असावे. ह्यास खर्च एका पाटीचा व रंगाचा. ज्यांस ह्या पाटीचे भय वाटेल त्यांचे भय हेच तिच्या उपयोगाचे प्रमाण होय. १९५० च्या कायद्यात सल्लागार मंडळांची तरतूद आहे. ती मंडळे आगारवार जागी करून त्यांत शाळांचे मुख्याध्यापक, बाजारपेठेचे प्रतिनिधी व प्रवास करणाऱ्या स्त्रिया घेतल्या, तर वेळापत्रक कसे असावे हे मुंबईस विचारावे लागणार नाही.

दुसरी सूचना सरकारविषयी. तोट्याची पण आवश्यक फेरी ही सरकारने महामंडळाकडून घेतलेली वस्तू समजावी. जर्मनीत १९९६ पासून प्रादेशिक रेल्वे-वाहतुकीचे काम प्रांतांकडे आले; मध्यवर्ती सरकार त्यासाठी कायद्याने रक्कम देते, प्रांत करार करून गाड्यांच्या फेऱ्या विकत घेतात, आणि फेरी न धावली तर चालविणाऱ्याचे पैसे कापतात. ह्यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. पैसे देणारा माल मागतो, आणि माल देणारा पैसे मागतो. आपल्याकडे अमुक फेरी लोकहितास्तव चालवावी असे सरकार म्हणेल तर तिचा तोटा आधी ठरवून अर्थसंकल्पात त्याच नावाने लिहावा. सवलतींची भरपाई महिन्याच्या ठरल्या तारखेस जमा व्हावी, उशीर झाल्यास व्याजासह. सरकारी थकबाकीवर आपण व्यापारी लोक व्याज भरतोच. हा नियम दोन्ही बाजूंस लागू असण्यात अन्याय कसला?

काही मंडळी ह्यापेक्षा सोपा उपाय सांगतात: हा पांढरा हत्ती विकून टाका, खासगी गाड्या आपोआप धावतील. त्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. तेथील सरकारने २००५ साली आपले रस्ते वाहतूक महामंडळ गुंडाळण्याचे ठरविले. मोठ्या शहरांमधील रस्त्यांवर खासगी गाड्या धावल्या; आडवळणाच्या गावांचे काय झाले ते त्या गावांस ठाऊक. आणि वीस वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने नवी सरकारी प्रवासी सेवा उभारण्याच्या योजनेस संमती दिली. मोडलेली विहीर पुन्हा खणावयास किती लागते, ते त्यांस आता समजेल.

दुसऱ्या टोकास विलीनीकरणाची मागणी आहे. तिच्यापायी २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला, उच्च न्यायालयास कामावर परतण्याची मुदत घालून द्यावी लागली, आणि त्या काळात कित्येक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्या माणसांच्या हलाखीविषयी आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे; वेळेवर पगार व निवृत्तीनंतर आपलेच पैसे मागणे हा काही गुन्हा नव्हे. तथापि महामंडळ सरकारी खाते झाले म्हणजे फेऱ्या वाढतील, असे आम्हांस वाटत नाही. नोकराची मागणी पगाराच्या शाश्वतीची आहे, आणि ती सरकारने आपले देणे वेळेवर दिल्याने पुरी होते.

जाता जाता जमिनींविषयी. बसस्थानकांच्या मोक्याच्या जागा दीर्घ मुदतीने विकासकांस देण्याचे धोरण ठरले असून, २०२५ साली ही मुदत ४९ अधिक ४९ वर्षांपर्यंत नेण्यात आली. अठ्ठ्याण्णव वर्षे म्हणजे तीन पिढ्या. ह्या व्यवहारांस आमचा सरसकट विरोध नाही. परंतु त्यांतून येणारा पैसा गाड्या घेण्याकडे लागतो की मागील देणी भागविण्यात विरून जातो, हे कळण्यासाठी त्याचे खाते वेगळे असले पाहिजे, आणि प्रत्येक कराराची प्रत सही होण्यापूर्वी त्या गावात वाचावयास मिळाली पाहिजे. स्थानकाच्या जागी दुकानांचे मजले उठतील आणि गाड्या मागच्या गल्लीत उभ्या राहतील, असे होऊ नये म्हणून त्या गावच्या व्यापाऱ्यांनीच आधी जागे राहणे बरे. गाळे घेण्याची घाई त्यांसच अधिक असते.

विधिमंडळाच्या येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात प्रत्येक सभासदाने आपल्या मतदारसंघातील आगाराविषयी एवढे तीन आकडे विचारावे: मागल्या वर्षी फेऱ्या किती बुडाल्या, सवलतींची थकबाकी किती दिवसांची आहे, आणि त्या आगारातील निवृत्तांचे किती पैसे देणे आहेत. उत्तरे मिळताच आम्ही ती आगारवार ह्याच स्तंभात छापू. ज्या सभासदांनी प्रश्न विचारला नाही, त्यांच्या आगारापुढे जागा कोरी ठेवू.